एकशे विसावा पाय

१ मार्च, शुक्रवार

डॉक्टरसाहेब,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, आणि आशीर्वाद लिहिले तर तुला त्यांची गरज नाही. म्हणून एकदम कामाचं लिहितो.

फोन तू उचलत नाहीस. मेल केली तर तुझी सेक्रेटरी 'आपला संदेश मिळाला' एवढं कळवते. पण दर शुक्रवारी आमच्या ड्रेसिंग रूममधून जखमांच्या मापांची पिशवी कुरिअरने तुझ्याकडे निघते, आणि ती तू कुणाला फोडू देत नाहीस, असं संशोधनाच्या बाई सांगतात. तेव्हा ज्या चौकटीच्या पारदर्शक कागदांवर आम्ही जखमेची कड गिरवतो, त्यांच्या मध्ये हे पत्र सरकवतोय. आठ वर्षांनी थोरल्या भावाचं अक्षर बघशील. तुझ्या लग्नात तू सासरच्यांना 'दादा हॉस्पिटल मॅनेजमेंटला असतो' असं सांगितलंस, त्यानंतरचं हे पहिलंच. मॅनेजमेंट उत्तम चालू आहे. आज सकाळपासून एकवीस पाय धुतले.

बाविसावे बाबा.

नोव्हेंबरपासून त्यांच्या डाव्या पायाला घोट्याच्या वर, आतल्या बाजूला जखम आहे. चाळीस वर्षं कापडं कापत उभं राहायचं, उरलेला वेळ शिलाई मशीनचं पायडल हाणायचं, त्यात बावीस वर्षांची साखर. दुसरं काय होणार? चार महिने मला हात लावू दिला नाही. सव्वीस वर्षं मी हेच काम करतोय, पण घरच्या जखमेला घरचा ड्रेसर चालत नाही. "तू राहू दे, त्याला विचारू," म्हणायचे. आणि विचारायला तू कुठे सापडतोस? मग कुणीतरी त्यांना सांगितलं की तुझंच संशोधन आमच्या हॉस्पिटलात चालू आहे, जुनाट जखमेला चार थरांची घट्ट पट्टी बरी की आमचं साधं ड्रेसिंग, ते ठरवायला. झालं. इस्त्रीचा शर्ट घालून आज आठ वाजताच दारात हजर.

तुला माहीतच आहे, एकशे वीस पेशंट हवे होते, एकशे एकोणीस भरले होते आणि आज पेशंट घ्यायचा शेवटचा दिवस होता. बाईंनी तुला फोन लावला तो स्पीकरवर होता. ड्रेसिंग रूम लहान आहे, त्यामुळे बाबांनी, मी, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"सर, हे तुमचे वडील आहेत," बाई म्हणाल्या.

 तू विचारलंस, "घोट्याचं प्रेशर किती?"

"हाताच्या एक पूर्णांक दोन पट. चांगलं आहे. पण सर, यांना साखर आहे. नियमात लिहिलंय की साखर असली तर पायाच्या अंगठ्याचंही प्रेशर घ्यायचं, आणि अंगठ्याला गुंडाळायचा कफ सापडत नाहीये."

आम्ही खरंच शोधत होतो. बाईंनी दोन्ही कपाटं उपसली. मी ट्रॉलीखाली वाकून बघितलं.

"नसेल तर 'उपलब्ध नाही' लिहा आणि घ्या. आज बंद होतंय सगळं. वय चौऱ्याहत्तर लिहा."

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. "बघ, आवाज तसाच आहे अगदी," एवढंच म्हणाले.

कुणाला कुठली पट्टी ते चिठ्ठीवर ठरतं, तो बंद लिफाफा फोडला. आत 'घट्ट पट्टी' निघालं. मीच बांधली. कापूस, क्रेप, इलॅस्टिक आणि वरून चिकटपट्टी, घोट्याशी घट्ट आणि वर जाता जाता सैल, अगदी तुझ्या चित्रातल्यासारखी. बाबा वरून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताला नाव ठेवलं नाही. कारण पट्टी तुझी होती.

सोबतचा वरचा कागद त्यांचाच आहे. जखम नऊ पूर्णांक सहा चौरस सेंटिमीटर. बाबांनी आधी आपल्या टेपने मोजून 'दीड बाय सव्वा इंच' सांगितलं होतं. जुळतंय.

दादा


८ मार्च, शुक्रवार

डॉक्टरसाहेब,

दहा पूर्णांक दोन. वाढली आहे. माझ्या रेघेत खोट नाही, बारीक पेनाने कडेकडेने काढली आहे. चौकोन तुझ्या माणसांकडून मोजून घे.

बाबांना आडवं पडता येत नाही. पडले की पाय ठणकतो, आणि खुर्चीत बसून पाय खाली सोडला की जरा बरं वाटतं. त्यामुळे आठवडाभर माणूस खुर्चीत आहे. मंगळवारी मला म्हणाले, "अरे, जरा सैल करतोस का?"

मी म्हटलं, "नियमात नाही, बाबा. डॉक्टरसाहेबांचा नियम आहे, सात दिवस हात लावायचा नाही."

"मग राहू दे," म्हणाले.

तुझी वहिनी आतून ऐकत होती. "अहो, नियम काय घेऊन बसलात, तुमच्या बापाचा पाय आहे ना तो?" म्हणाली. मी तिला म्हटलं, या घरात डोकं चालवायचं काम माझ्याकडे कधीच नव्हतं. हे मी माझ्या पदरचं बोललो नाही. मी आठवीत होतो आणि तू चौथीत, तेव्हा दुकानात गिऱ्हाइकासमोर बाबा म्हणाले होते, "हा धाकटा म्हणजे अख्खं ठाण. आणि हा थोरला, ठाण कापून उरलेली चिंधी." गिऱ्हाईक हसलं. तूही हसलास. तुझं चुकलं असं नाही, चौथीतलं पोर हसणारच. पण त्या दिवसापासून घरात मला 'चिंध्या' पडलं, आणि पुढे मी पट्ट्या बांधायच्या नोकरीला लागलो तेव्हा बाबांना तो आपलाच विनोद खरा ठरल्याचा केवढा आनंद झाला होता.

बाईंनी तुला ठणक्याबद्दल कळवलं होतं. तुझं उत्तर आलं: 'सुरुवातीला दुखते. नियमाप्रमाणे चालू ठेवा.' वाक्यात बाबांचं नाव नाही, चौकशी नाही. मी घरी जाऊन सांगितलं, "डॉक्टरांनी तुमची फार विचारपूस केली." बाबांनी दोनदा विचारलं, नक्की काय म्हणाला? मी दोनदा रचून सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त छान जमलं. तू त्यांना दूध पिऊन लवकर झोपायला सांगितलं आहेस, लक्षात ठेव.

नियमाप्रमाणे चालू ठेवलं आहे.

दादा


१५ मार्च, शुक्रवार

डॉक्टरसाहेब,

तेरा पूर्णांक आठ. आणि बोटं गार आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जांभळट झालंय.

आता एक सांगतो. पहिल्या दिवशी पट्टी बांधायच्या आधी मी बाबांच्या पावलावर दोन बोटं ठेवली होती. सवय आहे, कुठल्याही पायावर ठेवतो. ठोका लागला नाही. घोट्यामागे दाबून बघितलं, तिथेही काही नाही. तुझं यंत्र एक पूर्णांक दोन म्हणत होतं आणि माझी बोटं शून्य म्हणत होती. साखरेच्या जुन्या पेशंटची रक्तवाहिनी कडक होते, कफने दाबली तरी दबत नाही, म्हणून आकडा फुगून येतो. अंगठ्याच्या बारीक वाहिन्या तशा कडक होत नाहीत, तिथला आकडा खरा. हे तूच लिहिलंयस, तुझ्या नियमाच्या पुस्तकात, पान अकरा. मी ते पुस्तक वाचलंय. ड्रेसरला वाचता येतं, हे तुमच्या मॅनेजमेंटला कळवायला हरकत नाही.

रक्त मुळात पोचत नसलेल्या पायाला घट्ट पट्टी बांधायची म्हणजे गळा आवळायचा. मी बांधली. बोललो नाही. मला विचारलं कुणी? बाबांनी? तू? त्या फोनपासून मी दोन हात अंतरावर उभा होतो. 'दादा आहे का तिथे' एवढं तरी विचारायचं होतंस.

या मंगळवारी मात्र मला ती बोटं बघवेनात. कात्री घेऊन खुर्चीजवळ बसलो. म्हटलं, "बाबा, मी ही काढतो. नियम गेला खड्ड्यात."

बाबांनी पाय मागे घेतला. दुखत असताना, दात आवळून, पण घेतला. "कात्री ठेव खाली. त्याने सांगितलंय सात दिवस, तर सात दिवस. तुझं काम बांधायचं. कापायचं की नाही ते तो ठरवेल."

"बाबा, पाय जाईल."

"तुला काय कळतं त्यातलं?"

सुंभ जळतोय तरी पीळ जात नाही, अशी म्हण आहे. मी कात्री खाली ठेवली. वहिनी तुझी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, बघितलंस ना, मी काढत होतो. ती म्हणाली, "आज काढत होतात."

आज सात दिवस भरले म्हणून पट्टी सोडली, माप घेतलं. बाईंनी तुला सकाळीच मेल केली: थांबवायचं का? दुपारी तुझं उत्तर: 'एका आठवड्याच्या आकड्यावरून निर्णय घेऊ नये.' मग मी पुन्हा बांधली. या वेळी मुद्दाम सैल बांधली. हे नियमात बसत नाही, तेव्हा तुझ्या कागदावर लिहिलेलं नाही. इथे लिहितोय. उशीर झाला हे मलाही कळतंय.

दादा


२२ मार्च, शुक्रवार

एकवीस. नडगीवर पट्टीच्या काठाखाली नवीन काळा पट्टा. दोन बोटं पूर्ण काळी. वास येतो.

बाबांना आज दाखल केलं. सर्जनसाहेबांनी पाय बघितला, मग केसपेपर बघितला आणि ओरडले, "साखरेचा पेशंट आणि घोट्याचं प्रेशर एक पूर्णांक दोन, यावर विश्वास ठेवला कुणी? अंगठ्याचं कुठंय?"

"कफ उपलब्ध नव्हता, साहेब," मी म्हणालो.

"आणि तुझी बोटं? तीही उपलब्ध नव्हती?"

मी खाली बघितलं. सव्वीस वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा माझ्या बोटांबद्दल विचारलं, आणि तेही असं.

तू ये. बुधवारी पाय काढणार आहेत, गुडघ्याच्या वर. बाबा सगळ्यांना सांगतायत की ऑपरेशनला त्यांचा डॉक्टर येणार आहे. मी सांगितलेलं नाही, त्यांचं ते समजून बसलेत. हे पत्र पोचायच्या आत बाई तुला फोन करतील. तेवढा एक उचल.

दादा


२९ मार्च, शुक्रवार

आला नाहीस. असो. पाय गेला, सुंठीवाचून खोकला गेला म्हण. आता माप घ्यायला जखमच नाही. आज पिशवीत बाबांचा कागद नसेल.

बुधवारी ऑपरेशनला नेताना बाबांनी दाराकडे बघत विचारलं, "आला का?" मी म्हटलं, "आत आहे. आत तोंडाला कापड बांधलेलं असतं, ओळखू येणार नाही." ते हसत आत गेले. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "हात हलका आहे त्याचा, काही कळलंच नाही." आमचे सर्जनसाहेब शेजारी उभे होते. 

आणि काल तुझी मेल आली. बाईंना म्हणजे, मला कशाला येईल! पेशंट नंबर एकशे वीस यांनी स्वेच्छेने संशोधनातून माघार घेतल्याच्या फॉर्मवर सही घ्यावी. तारीख १४ मार्च घालावी.

चौदा मार्चला बाबा पायात तुझी पट्टी घालून खुर्चीत होते, आणि त्यांनी मला कात्री खाली ठेवायला लावून दोन दिवस झाले होते. पण चौदा तारीख घातली की पंधराचं, बावीसचं माप तुझं नाही, आणि सत्तावीसची करवतही तुझी नाही. एकशे एकोणीस पेशंट आणि एकाचाही पाय गेलेला नाही. हुशार आहेस. ठाणच तू.

बाई फॉर्म घेऊन आल्या. "दादा, माझी नोकरी आहे हो," म्हणाल्या. मी म्हटलं, आणा इकडे. मीच बाबांपुढे धरला. वाचून दाखवला, तारखेसकट.

बाबांनी विचारलं, "सही नाही केली तर?"

"त्याच्या कामात अडचण येईल."

"मग दे ना पेन. माझ्यामुळे त्याचं अडायला नको."

खाली साक्षीदार म्हणून जागा होती. तिथे माझी सही आहे. बघितलीस? सुवाच्य केली आहे. मला हे करताना काय वाटलं ते सांगू? आनंद झाला. बाबांच्या हाताने ते खोटं लिहिलं जाताना मला बरं वाटलं. मनात आलं, घ्या, हे तुमचं अख्खं ठाण. माणूस इतका वाईट असतो, आणि तो मीच आहे, हे आज लिहून ठेवतो.

दादा


१२ एप्रिल, शुक्रवार

बाबा घरी आले. पहिल्या दिवशी टेप मागितला, उरलेली मांडी मोजली, अकरा इंच. मग खडू मागितला आणि आपल्या चारही पॅंटींच्या डाव्या पायांवर खुणा करून ठेवल्या. पायडलची मशीन एका पायाने चालत नाही, म्हणून हाताने शिवतात. एक पॅंट झाली. टीप अशी सरळ की मशीनची वाटावी.

हे पत्र मी लिहिलं नाही तर तुझी वहिनी लिहिणार आहे, म्हणून लिहितोय.

सोमवारी तिने माझे कपाटातले जुने एप्रन धुवायला काढले. एकाच्या खिशात तिला तो सापडला. अंगठ्याचा कफ. अंगठीपेक्षा जरासा मोठा, पण त्याला हातभर रबरी नळी असते. तिला काय कळणार ते काय आहे? तिने हॉस्पिटलात जाऊन शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं. मग घरी येऊन ताटाशेजारी ठेवला. "हाच शोधत होतात ना सगळे?" म्हणाली. त्यानंतर आजपर्यंत माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. जेवायला वाढते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. फक्त माझा कळसा मला माहीत होता.

एक मार्चला सकाळी तो मीच काढला होता, बाबांचा अंगठा मोजायलाच. खरंच. बाबांजवळ गेलो, वाकलो, आणि ते म्हणाले, "तू नको. त्या बाईंना करू दे. तुझ्या हाताने त्याचं काही बिघडायला नको." मी कफ खिशात टाकला. अर्ध्या मिनिटाने बाईंनी विचारलं, अंगठ्याचा कफ कुठंय? आणि मी म्हटलं, बघितला नाही.

एवढंच घडलं. नंतर काढता आला असता. तू फोनवर 'उपलब्ध नाही लिहा' म्हणालास तेव्हा माझा हात खिशातच होता. तू 'जरा शोधा, ते माझे वडील आहेत' म्हणाला असतास तर मी काढला असता, अशी मी माझी समजूत घातली आहे. लिफाफा फोडताना मी मनात 'घट्ट निघू दे' म्हटलं होतं. ही समजूत कशी घालायची ते अजून सुचलेलं नाही.

तेव्हा हिशेब सरळ आहे. कफ मी लपवला, माणूस तू लपवलास. आता तुझ्या पुढच्या उत्तराची वाट बघतो. नियमाप्रमाणे नको, हाताने लिहिलेलं पाठव.

दादा


२० सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरसाहेब,

उत्तर नाही. पाच महिने झाले. संशोधन संपलं, पिशवी बंद झाली, म्हणून हे साध्या टपालाने पाठवतोय.

तुझा निबंध छापून आला. बाईंनी मला प्रत दिली. घट्ट पट्टीने जखमा लवकर भरतात, गंभीर इजा एकही नाही. अभिनंदन. आमच्याकडे आता सरसकट सगळ्यांना घट्ट पट्टीचा हुकूम आहे. फक्त ड्रेसिंग रूमच्या दारात मी असतो, आणि माझ्या खिशात कफ असतो. या महिन्यात अंगठा मोजून सात जणांना पट्टीविना परत पाठवलं. मेमो मिळालाय. फाइल करून ठेवलाय.

निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात एक तक्ता आहे, गळालेल्यांचा. त्यात एक ओळ अशी: क्रमांक १२०, पुरुष, वय ७४, स्वेच्छेने माघार.

ती ओळ बाबांना वाचून दाखवायची मी ठरवली. खरं कारण सांगतो. त्यांना दुखवायचं होतं. विचारपूस, दूध पिऊन लवकर झोपा, हलका हात, सगळं मी रचलेलं होतं, सहा महिने ते त्याच्यावर जगत होते. मला ते काढून घ्यायचं होतं. म्हटलं, एकदा तरी कळू दे, तुमच्या ठाणाने तुमचं काय कापड केलं.

बाबा खिडकीशी बसून चौथ्या पॅंटला दुमड घालत होते. मी सगळं सांगितलं. तो ऑपरेशनला नव्हता. त्याने एकदाही विचारलं नाही. त्याच्या छापील कागदात तुम्ही एवढेच आहात, असं म्हणून ती ओळ वाचली. मग माझंही सांगितलं. कफ माझ्या खिशात होता, बाबा.

सुई थांबली नाही. म्हणाले, "माहितीये."

"काय माहितीये?"

"खिसा. डावा. फुगला होता. मी शिंपी आहे रे, चाळीस वर्षं लोकांचे खिसे बघतोय. ती बाई बिचारी कपाटं उपसतेय, तू ट्रॉलीखाली वाकतोयस, आणि नळीचं टोक बाहेर डोकावतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो आणि आकडा वाईट आला असता, तर त्याचे एकशे वीस कसे भरले असते?" टीप घातली, दोरा दातांनी तोडला. "मला वाटलं, पायाचं काय, दुखेल थोडा. आणि तुझं म्हणशील तर, वाटलं होतं तू तो खिशातून काढशील. रोज वाटायचं, आज काढेल. हट्टाला तू माझ्यावर गेलायस, हे तेव्हा लक्षात नाही आलं."

माझ्यात त्यांचं काही उतरलंय, असं ते पहिल्यांदा म्हणाले. मी एकावन्न वर्षांचा आहे. मला रडू आलं आणि मी रडलो, त्यांच्यासमोर. त्यांनी जरा वेळ रडू दिलं. मग म्हणाले, "ती ओळ परत वाच."

वाचली.

"चौऱ्याहत्तर? मी त्र्याहत्तरचा. फोनवर तो चुकीचं बोलला तेव्हाच ऐकलं मी, पण म्हटलं घाईत आहे पोरगा. छापताना तरी बघायला हवं होतं. एवढा मोठा कागद, आणि त्यात चूक. लोक नावं ठेवतील त्याला."

"बाबा, बाकी काही नाही म्हणायचं तुम्हाला?"

"बाकी काय? ज्यांनी छापलंय त्यांना लिही, वय चुकलंय, दुरुस्त करा. मी सही करतो. त्याला त्रास नको, तो कामात असेल. परस्पर पाठव."

या घरात मी सांगितलेलं काम करतो, तुला माहीत आहे. काल बसून लिहिलं. 'आपल्या अंकातील क्रमांक १२० म्हणजे मी. माझे वय त्र्याहत्तर आहे, चौऱ्याहत्तर नव्हे. कृपया दुरुस्ती करावी.' बाबांनी वाचलं, एक स्वल्पविराम घातला आणि सही केली.

नुसत्या सांगण्यावर कोण दुरुस्ती करतं? पुरावा जोडावा लागतो. म्हणून जन्माचा दाखला जोडला. आणि मापाच्या चारही कागदांच्या नकला जोडल्या, कारण त्यांच्यावर वयही आहे आणि तारखाही आहेत: एक, आठ, पंधरा, बावीस मार्च. पाय काढल्याचा कागद, त्यावरही वय आहे: सत्तावीस मार्च. माघारीचा फॉर्म, चौदा मार्च, साक्षीदार मी, आणि तो मागवणारी तुझी मेल. बाईंनी नक्कल स्वतः काढून दिली. शेवटी माझं एक पान, कफ कुठे होता त्याचं. माझी नोकरी जाईल, ती जाऊ दे. बाबांना मी फक्त वरचं पान दाखवलं. खालच्या कागदांबद्दल त्यांनी विचारलं नाही, पण पाकीट फुगलेलं होतं आणि त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

मग म्हणाले, "नीट चिकटव. वाटेत उघडायला नको."

आज सकाळी रजिस्टर टपालाने पाठवलं. तुला आधी कळावं म्हणून हे.

बाबांचं वय त्र्याहत्तर. पुढे कुणी विचारलं तर बरोबर सांग.

दादा